उन्हाळी वाद्यशाळेचें दप्तर

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें ताम्रपट, सनदा, बखरी आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर रुमालांत बांधून ठेवलेलीं दप्तरें उभीं राहतात. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून हीं दप्तरें उकललीं आणि १८९८ पासून त्यांचे खंड प्रसिद्ध होऊं लागले, तेव्हांपासून जुन्या कागदाला किंमत असते ही गोष्ट मराठी वाचकाच्या अंगवळणीं पडली. तथापि ज्या कागदांविषयीं येथें लिहावयाचें आहे ते राजवाड्यांच्या रुमालांत सांपडण्यासारखे नव्हत. ते एका उन्हाळी शाळेचे आहेत. त्यांत लढाई नाहीं, तह नाहीं, वतनाचा तंटाहि नाहीं. विशीच्या आसपासचीं मुलेंमुली कांहीं आठवडे एका विस्तीर्ण हिरवळीवर एकत्र येऊन वाद्यवृंदांत वाजविण्याचें शिक्षण घेत, त्यांच्या नांवांच्या याद्या, कोणत्या दिवशीं काय वाजविलें त्याचीं पत्रकें, छायाचित्रें आणि ध्वनिमुद्रणें एवढाच हा ऐवज. परंतु ज्या प्रकारच्या माणसांचीं नांवें आपल्याकडे कोणत्याहि कागदावर सहसा उतरत नाहींत, नेमक्या त्याच प्रकारचीं माणसें या कागदांत नांवनिशीवार सांपडतात. म्हणून ही हकीकत आपल्या वाचकांस सांगावीशी वाटते.

अमेरिकेच्या ईशान्य भागांत मॅसॅच्युसेट्स नांवाचें संस्थान आहे. त्याच्या पश्चिमेकडील टेकड्यांच्या मुलखास बर्कशायर म्हणतात. न्यूयॉर्क व बॉस्टन येथील श्रीमंत मंडळी उन्हाळ्यांत तेथें हवा खावयास जात. (त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला आषाढ-श्रावण, आमच्या चांद्याकडे पारा पंचेचाळिसांवर जातो त्या दिवसांचा येथें कांहीं संबंध नाहीं.) १९३४ सालीं गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ या करारी बाईंनीं पुढाकार घेऊन तेथें उघड्यावर वाद्यवृंदाचा उत्सव भरविला, पहिल्या वर्षीं वादकांना घोड्यांच्या प्रदर्शनासाठीं केलेल्या रिंगणांत बसविलें होतें. १९३६ मध्यें बॉस्टनचा नामांकित सिंफनी वाद्यवृंद उत्सवास आला, आणि पुढच्या वर्षीं टॅपन घराण्यानें लेनॉक्स गांवाजवळची टँगलवुड नांवाची आपली वाडी त्या वाद्यवृंदास दान दिली.

१२ ऑगस्ट १९३७ च्या रात्रीं तंबूंत वाग्नरचें संगीत चालू असतां असें वादळ झालें कीं पावसाच्या माऱ्यापुढें शंभर वादकांचा घोषहि ऐकूं येईना. कार्यक्रम पुन्हां पुन्हां थांबवावा लागला. त्या अवसराचा स्मिथबाईंनीं फायदा घेतला. त्यांनीं मंचावर जाऊन, भिजलेल्या श्रोत्यांपुढेंच पक्क्या छपराची मागणी मांडली आणि त्या रात्रींत तीस हजार डॉलरांवर रक्कम उभी केली! एलिएल सारिनेन या प्रसिद्ध वास्तुशास्त्रज्ञाचा आराखडा तयार होता, पण तो खर्चिक ठरला. तेव्हां जोसेफ फ्रान्झ या स्थानिक इंजिनिअरनें त्यांत काटछाट करून सुमारें पांच हजार माणसें बसतील असें, तिन्ही बाजूंनीं मोकळें असलेलें एक अवाढव्य छप्पर उभें केलें. ४ ऑगस्ट १९३८ रोजीं बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीनें तें उघडलें. त्याला अजूनहि 'शेड' म्हणजे छपरीच म्हणतात.

येथपर्यंतची हकीकत श्रीमंतांच्या हौसेची आहे, आणि तेवढीच असती तर तिच्यासाठीं शाई खर्चिण्याचें कारण नव्हतें. तिला निराळें वळण लावणारा मनुष्य म्हणजे बॉस्टन वाद्यवृंदाचे तेव्हांचे संचालक सर्जी कुसेवित्स्की. हे रशियांत १८७४ सालीं एका गरीब यहुदी वादकाच्या घरीं जन्मले. चौदाव्या वर्षीं शिकण्यासाठीं मॉस्कोस गेले, तेव्हां यहुद्यांस तेथें राहण्याची मोकळीक नव्हती, म्हणून बाप्तिस्मा घ्यावा लागला. शिष्यवृत्ति मिळण्यासारखी होती ती लोकांस नको असलेल्या वाद्यांपुरतीच, म्हणून त्यांनीं डबल बेस हें वाद्य पत्करलें. व्हायोलिनच्या कुळांतलें हें माणसाहून उंच वाद्य. वाद्यवृंदांत त्याची जागा नेहमीं मागें अथवा कडेला. श्रोत्यांना तें सहसा वेगळें ऐकूं येत नाहीं, पण तें थांबलें तर सर्व इमारत अधांतरीं लोंबकळते. मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहांत कुसेवित्स्कींनीं हें वाद्य वाजविलें, त्या वाद्याचे एकल कार्यक्रम करून युरोपांत कीर्ति मिळविली, आणि पुढें संचालक झाल्यावर व्होल्गा नदीवर आगबोट भाड्यानें घेऊन सबंध वाद्यवृंद तिच्यावर चढवून कांठच्या गांवोगांवीं संगीत ऐकविलें. क्रांतीनंतर ते देशाबाहेर पडले आणि १९२४ पासून १९४९ पर्यंत पंचवीस वर्षें बॉस्टनचे संचालक होते. पाठीमागच्या रांगेंत उभें राहून ज्यानें धंदा शिकला, त्याला त्या रांगेची काळजी वाटावी यांत नवल नाहीं.

८ जुलै १९४० रोजीं त्यांनीं टँगलवुड येथें 'बर्कशायर म्यूझिक सेंटर' ही उन्हाळी शाळा उघडली. त्या दिवशींची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. उद्घाटनासाठीं रँडल टॉम्पसन या रचनाकारास एक दणदणीत समूहगान लिहावयास सांगितलें होतें. पण फ्रान्स नुकताच जर्मनांच्या हातीं पडला होता, आणि दणदणीत कांहीं लिहिण्यास त्या गृहस्थाचें मन घेईना. त्यानें 'आलेलुया' या एकाच शब्दावर एक संथ, जवळजवळ शोकाकुल रचना लिहिली. तिच्या प्रती अगदीं ऐनवेळीं येऊन पोंचल्या, आणि तासाभराच्याहि आंत तालीम करून मुलांनीं ती गाइली. तेव्हांपासून शाळा उघडतांना ती रचना गाण्याचा प्रघात पडला आहे.

पहिल्या वर्षीं सुमारें तीनशें विद्यार्थी होते. रचना शिकविण्यास कोपलंड व हिंडेमिट, आणि संचालनाच्या वर्गांत एकवीस वर्षांचा लेनर्ड बर्नस्टाइन. शाळेचा मूळ विचार साधा होता. वादक एकटा खोलींत बसून दहा वर्षें शिकतो, पण वाद्यवृंदांत बसण्याची कला खोलींत शिकतां येत नाहीं. शेजाऱ्याचा श्वास ऐकून आपला गज उचलणें, स्वतःचा आवाज सत्तर आवाजांत बुडविणें, बारा मापें गप्प बसून तेराव्या मापाला चूक न करतां प्रवेश करणें, हें सर्व समूहांतच साधतें. त्यासाठीं विद्यार्थ्यांचा स्वतंत्र वाद्यवृंद, आणि प्रत्येक वाद्याच्या शिक्षणासाठीं बॉस्टनचा त्या त्या वाद्याचा मुरलेला वादक, अशी योजना केली होती. दिवसा ज्याच्याजवळ शिकावयाचें, त्यालाच रात्रीं छपरींत वाजवितांना पाहावयाचें. आपल्या गुरुगृहवासाशीं याचें नातें दिसतें. फरक एवढाच कीं येथें गुरु शंभर, आणि प्रत्येक शिष्याची नोंद ठेवलेली.

त्या नोंदींची किंमत १९४२ सालीं दिसून आली. अमेरिका लढाईंत उतरली होती, पेट्रोलचें वांधे होते, आणि बॉस्टन वाद्यवृंदाच्या विश्वस्तांनीं त्या वर्षींचा उत्सव रद्द केला. कुसेवित्स्कींची पत्नी त्याच वर्षीं जानेवारींत वारली होती. तिच्या स्मरणार्थ त्यांनीं एक निधि स्थापिला आणि त्याच्या आधारावर शाळा चालू ठेविली. उत्सवाचे कार्यक्रमहि विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाकडून करविले. अशा रीतीनें १४ ऑगस्ट १९४२ रोजीं, सव्वा तासाच्या सुमाराची आणि प्रचंड वादकसंख्या लागणारी शोस्ताकोविचची सातवी सिंफनी अमेरिकेंत श्रोत्यांच्या सभेपुढें प्रथम वाजली ती या मुलांच्या हातून. तोस्कानिनींनीं ती २० जुलैच्या आदल्या दिवशीं नभोवाणीवरून ऐकविली होती खरी, पण जाहीर मैफलीचा पहिला मान मुलांचा. तिची स्वरलिपि सूक्ष्मपटावर उतरवून तेहरान आणि कैरो या मार्गानें रशियांतून आणविली होती. वेढ्यांत सांपडलेल्या लेनिनग्राडमध्यें, उपासमारीनें अर्धमेल्या झालेल्या वादकांनीं तीच सिंफनी पांचच दिवस आधीं, ९ ऑगस्टला, वाजविली होती.

या तारखा वाचतांना आमच्या प्रांताचा वाचक थबकल्यावांचून राहणार नाहीं. ९ ऑगस्टला पहांटे मुंबईंत पुढाऱ्यांची धरपकड झाली. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशीं, तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील चिमूर गांवानें उठाव केला. लेनॉक्सच्या छपरींत तरुणांनीं गज खालीं ठेवल्याला दोनच दिवस झाले होते. दोन्हीकडचीं मुलें एकाच वयाचीं; दोन्हीकडे त्या उन्हाळ्याचे कागद झाले. तेथील मुलांचीं नांवें 'पहिलें व्हायोलिन', 'दुसरें व्हायोलिन', 'हॉर्न' अशा मथळ्यांखालीं उतरलीं. चिमूरच्या मुलांचीं नांवें न्यायालयाच्या दप्तरांत आरोपी म्हणून उतरलीं. आमच्याकडील सामान्य तरुणाचें नांव सरकारी कागदावर चढण्याचा त्या काळीं हाच एक खात्रीचा मार्ग होता, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

१९४३ पासून तीन उन्हाळे शाळा बंद होती. १९४६ मध्यें ती पुन्हां सुरू झाली ती ब्रिटनच्या 'पीटर ग्राइम्स' या संगीतिकेच्या अमेरिकेंतील पहिल्या प्रयोगानें. तोहि विद्यार्थ्यांनींच केला, आणि संचालक बर्नस्टाइन. १९५१ मध्यें कुसेवित्स्की वारले, पण शाळा राहिली. १९८५ पासून तिला 'टँगलवुड म्यूझिक सेंटर' म्हणतात. बर्नस्टाइन यांनीं आपला शेवटचा कार्यक्रम १९ ऑगस्ट १९९० रोजीं तेथेंच केला, आणि त्याच वर्षीं त्यापूर्वीं थोडे दिवस जपानांत साप्पोरो येथें त्याच नमुन्याचा दुसरा उन्हाळी उत्सव सुरू करून दिला होता.

दप्तर मात्र डोळे मिटून वाचूं नये. संस्थेनें ठेवलेले कागद संस्थेचेंच बोलणें बोलतात. ज्यांनीं अर्ज केला आणि ज्यांस नकार मिळाला, किंवा आपणांस तेथें कोण घेणार या विचारानें ज्यांनीं अर्जच केला नाहीं, त्यांचें नांव पत्रकावर येत नाहीं. बॉस्टन वाद्यवृंदांत पहिली कृष्णवर्णीय वादिका, ॲन हॉब्सन ही हार्प वाजविणारी बाई, दाखल झाली १९६९ सालीं. म्हणजे शाळा उघडल्यावर एकोणतीस वर्षांनीं! नामावल्यांत जितकें लिहिलेलें आहे तितकेंच महत्त्वाचें त्यांतून गळलेलें आहे, हें राजवाड्यांच्या शिष्यांस सांगावयास नको.

याच दप्तरांत १९५८ च्या उन्हाळ्यांत एक मुंबईचें नांव भेटतें. झुबिन मेहता, वय बावीस. व्हिएन्नांत स्वारोव्स्की यांच्या हाताखालीं ते संचालन शिकत होते. १९५६ मध्यें इटलींतील सिएना येथील उन्हाळी वर्गांतहि ते होते; तेथें त्यांचे सोबती क्लाउडिओ अबाडो आणि तेरा-चौदा वर्षांचा डॅनिएल बेरनबॉइम. टँगलवुडला त्या वर्षीं कुसेवित्स्कींच्या नांवाचें पहिलें पारितोषिक अबाडोंस मिळालें आणि दुसरा क्रमांक मेहतांचा लागला. दोघेहि पुढें जगप्रसिद्ध झाले, म्हणून ही नोंद सर्वांस ठाऊक आहे. आपणांस पाहावयाचें आहे तें त्यांच्या मागें. हा मुलगा ज्या शहरांतून आला त्या शहरांत वाद्यवृंद कोठून आला? त्यांतले वादक कोठें शिकले?

झुबिन यांचे वडील मेहली मेहता हे व्हायोलिनवादक. त्यांनीं १९३५ सालीं बॉम्बे सिंफनी वाद्यवृंद उभारला. त्याच सुमारास प्राग शहराकडचे वॉल्टर काउफमान हे यहुदी संगीतज्ञ हिटलरच्या भयानें मुंबईस आले होते. त्यांनीं तेथें निवडक वादकांची एक मंडळी काढली आणि पुढें नभोवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्य संगीताचें काम पाहिलें. आकाशवाणीची जी ओळखीची धून रोज सकाळीं आपल्या घरांत ऐकूं येई, ती त्यांचीच रचना. तीतलें व्हायोलिन मेहली मेहतांचें असें सांगतात. या वाद्यवृंदांत कांहीं पारशी, कांहीं युरोपांतून आलेले निर्वासित आणि कांहीं लष्करी बँडांतील माणसें असत. पण त्याचा कणा होता गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा.

हे गोमंतकीय वादक कोणत्या टँगलवुडला गेले होते? गोव्यांत चर्चला जोडून गांवची शाळा असे. तिच्यांत मुलाला अक्षरांबरोबर पाश्चात्य सरगम शिकवीत. आधीं हातांत वाद्य द्यावयाचें नाहीं; पाटीवरचे स्वर नांवानें म्हणावयाचे, हातानें माप मोजावयाचें, आणि तें न चुकतां साधलें म्हणजे मग व्हायोलिन. चर्चचा 'मेस्त्र', म्हणजे गायनवादनाचा गुरुजी, हाच शिक्षक, परीक्षक आणि प्रसंगीं छडी मारणारा. परीक्षेचा दिवस म्हणजे गांवच्या संताचा सण: सबंध गांव समोर बसलेला, आणि दहा वर्षांचें पोर व्हायोलिन घेऊन गायकवृंदाच्या शेजारीं उभें. टँगलवुडपूर्वीं कितीतरी पिढ्या गोव्याच्या खेड्यांत समूहांत वाजविण्याचें शिक्षण असें चालू होतें. त्या शिक्षणाच्या जोरावर गोव्याचा गरीब मुलगा मुंबईस येई, आणि कागदावरचें कोणतेंहि संगीत पुढें ठेवलें तरी पहिल्या वाचनांत वाजवूं शके. मूक चित्रपटांचीं नाट्यगृहें, हॉटेलांतील नाचाचे बँड आणि पुढें बोलपटांच्या ध्वनिमुद्रणशाळा यांचें काम याच विद्येवर चाललें.

आतां दप्तराकडे पाहिलें तर गोव्याइतका कागदांचा धनी प्रांत हिंदुस्थानांत थोडाच. दियोगु दु कोउतु याची तेथील सरकारी दप्तरखान्यावर १५९५ सालीं नेमणूक झाली. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीं पस्तीस वर्षें. पोर्तुगीज सत्तेचीं पत्रें, फर्मानें, तह, जकातीचे आकडे पणजीस रचून ठेवलेले आहेत. मराठ्यांच्या इतिहासालाहि त्यांचा मोठा उपयोग झाला. पण ज्या मुलांनीं चारशें वर्षें तें संगीत वाजविलें त्यांची गोष्ट निराळी. त्यांचा पत्ता लागलाच तर चर्चच्या हिशेबांतील एखाद्या ओळींत, सणाला वाजविल्याबद्दल दिलेल्या मोबदल्याच्या रूपानें. विद्या केवढी, आणि तिची नोंद केवढी!

या परंपरेंतील एक माणूस थोडा अधिक उजेडांत आला, म्हणून त्याच्याजवळ थांबूं. साष्टींतील माजोर्डा गांवीं १९२७ सालीं जन्मलेले अँथनी गोन्साल्विस. वडील गांवच्या चर्चमध्यें गायनवृंदाचे मेस्त्र. मुलाचें शिक्षण घरींच झालें. १९४३ च्या सुमारास ते मुंबईस आले आणि नौशाद यांच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवूं लागले. सकाळीं मुद्रणशाळा आणि सायंकाळीं शिकवणी असा त्यांचा क्रम होता. प्यारेलाल शर्मा आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. पण त्यांच्या डोक्यांत एक मोठी कल्पना होती: आपले राग पाश्चात्य वाद्यवृंदाच्या शिस्तींत बसवून शंभर हातांनीं वाजवावयाचे. १९५८ सालीं त्यांनीं 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभारला आणि सेंट झेवियर कॉलेजच्या चौकांत त्याचा कार्यक्रम केला. शंभरांवर वादक, गावयास लता मंगेशकर आणि मन्ना डे.

१९५८! ज्या वर्षीं मुंबईचा एक मुलगा टँगलवुडच्या नामावलींत उतरला तेंच हें वर्ष. लेनॉक्सला त्या उन्हाळ्यांत कोणत्या विद्यार्थ्यानें कोणतें वाद्य वाजविलें हें आज पत्रकांवरून पाहतां येतें. झेवियरच्या चौकांत त्या सायंकाळीं जे शंभर जण बसले होते, त्यांची अशी सार्वजनिक नामावली आपल्या हातीं नाहीं. आपल्याला आठवतात ते रचनाकार आणि दोन गायक. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवरहि गायकाचें, कवीचें आणि संगीतदिग्दर्शकाचें नांव असे. व्हायोलिनच्या पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सर्वजण 'साथ' या एका शब्दांत मावत, किंवा तोहि शब्द नसे. न्यूझीलंडचे ग्रेगरी बूथ नांवाचे एक संशोधक मुंबईच्या चित्रपटवादकांवर पुस्तक लिहावयास निघाले, तेव्हां त्यांना म्हाताऱ्या वादकांच्या घरोघर जाऊन तोंडी हकीकती गोळा कराव्या लागल्या. तें पुस्तक २००८ मध्यें निघालें. विषय आपला, गीतें आपलीं, आणि वही-पेन्सिल घेऊन दारोदार फिरणारा राजवाडे मात्र परदेशचा.

गोन्साल्विस १९६५ च्या सुमारास अमेरिकेस गेले. पुढें परत येऊन माजोर्ड्यास राहिले आणि जानेवारी २०१२ मध्यें तेथेंच वारले. शिष्यानें त्यांची आठवण ठेवली ती मोठ्या मौजेच्या रीतीनें. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटांत नायक मोठ्या अंड्यांतून बाहेर येऊन आपलें नांव सांगतो तें गीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीताचें, आणि त्यांतील आडनांव गुरूचें. देशभर पोरासोरांच्या तोंडीं तें नांव झालें. पण त्या नांवाचा एक जिवंत मनुष्य होता आणि तो व्हायोलिन शिकवीत असे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक झाली.

मेहली मेहतांची गोष्ट उलट बाजूनें हेंच सांगते. १९५५ मध्यें त्यांनीं मुंबई सोडली, मँचेस्टरच्या वाद्यवृंदांत वाजविलें, नंतर फिलाडेल्फियांत, आणि १९६४ मध्यें लॉस एंजेलिस येथें छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास तरुण वादकांच्या शिक्षणासाठीं 'अमेरिकन यूथ सिंफनी' स्थापिली. तेहतीस वर्षें त्यांनीं तीच एक गोष्ट केली: दरवर्षीं नवीं मुलें निवडावयाचीं, त्यांच्याकडून थोर रचना वाजवून घ्यावयाच्या, आणि तयार झालीं म्हणजे धंदेवाईक वाद्यवृंदांकडे रवाना करावयाचीं. नव्वदीस टेकेपर्यंत ते या कामांत होते. ती संस्था २०२४ मध्यें बंद पडली. मुंबईस त्यांच्या नांवाची संस्था १९९५ पासून मुलांना पाश्चात्य संगीत शिकविते. २००६ मध्यें नरिमन पॉइंटला राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रानें पूर्ण वेळेचा वाद्यवृंद उभा केला, त्यांत बहुतेक वादक बाहेर देशांतून आणावे लागले. तेव्हां मुलांसाठीं शाळाहि काढावी लागली. ज्या शहरांत १९५८ सालीं शंभर वादक एका चौकांत जमत, त्या शहराची अर्ध्या शतकांत ही गत झाली. चित्रपटांचें काम यंत्रांकडे गेलें आणि एकेका यंत्रानें वीस व्हायोलिनें घरीं बसविलीं, हें त्याचें मुख्य कारण. ही मंडळी विखुरली, तेव्हां त्यांची विद्या कोणत्या दप्तरांत शिल्लक राहिली असती?

हा प्रश्न मुंबई-गोव्याचा म्हणून आम्हां वैनगंगेकांठच्या लोकांस सोडून देतां येत नाहीं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टींत अजून जिवंत वादकांची रंगभूमि चालू आहे. भाऊबीजेच्या सुमारास हंगाम सुरू होतो. मंडई आणि शंकरपटाच्या निमित्तानें गांवोगांवीं रात्रभर नाटक होतें. वडसा, म्हणजे देसाईगंज, हें या मंडळ्यांचें माहेर. पेटी, तबला, ढोलकी आणि अलीकडे विजेचीं वाद्यें घेऊन बसलेले चार-पांच जण पहांटेपर्यंत गाणीं, प्रवेश आणि पडद्यांमधील मोकळी जागा भरून काढतात. कथानक लांबलें तर लांबवावयाचें, नटाचा सूर ढळला तर सांवरावयाचा, प्रेक्षकांनीं पुन्हां मागितलें तर पुन्हां वाजवावयाचें. समूहांत वाजविण्याचें जें शिक्षण लेनॉक्सला वर्ग भरवून देतात, तें येथें पेटीवाल्याच्या शेजारीं बसून दोन-तीन हंगामांत मिळतें.

उन्हाळी शाळा मात्र येथें सहज निघण्यासारखी नाहीं. बर्कशायरमध्यें उन्हाळा म्हणजे फुरसत. आमच्या जंगलांतील मुलाला चैत्र लागतांना मोहफुलें वेंचावयाचीं असतात, आणि मे महिन्यांत सबंध घर पहांटे उठून तेंदूपानें तोडावयास जातें; दुपारभर पुडे बांधावयाचे. तो त्या घराचा वर्षांतील रोख पैशाचा हंगाम. टँगलवुडचे कागद वाचतांना ही एक गोष्ट मनांतून जात नाहीं, कीं शिकण्यासाठीं सहा आठवडे मोकळे मिळणें हीच मोठी शिष्यवृत्ति आहे. कुसेवित्स्कींना तें उमगलें होतें, कारण त्यांचें वाद्यहि शिष्यवृत्तीनें ठरविलें होतें.

येथें शिकण्याचा मोकळा काळ दुसराच आहे. धानाची रोवणी आटोपल्यावर आणि दिवाळीच्या आधीं तालमी भरतात, तेव्हां नवें पोर पेटीजवळ येऊन बसतें. २०२३ मध्यें झाडीपट्टीचे जुने नट परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली. या रंगभूमीचें एक नांव देशाच्या कागदावर चढलें, ही समाधानाची गोष्ट झाली. नटांचीं नांवें जाहिरातींवर मोठ्या अक्षरांत असतात, तीं पुढेंहि टिकतील. ज्यांच्या पेटीवर तीं गाणीं उभीं राहिलीं, त्या माणसांपैकीं बरेच अजून हयात आहेत, आणि त्यांचे गुरु कोण होते हें त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्यासाठीं बॉस्टनसारखी इमारत नको, वातानुकूल कपाटें नकोत. तालमीच्या पहिल्या दिवशीं एखाद्या शाळामास्तरानें शंभर पानी वही घेऊन बसावें. तीन रकाने पुरेत: वादकाचें नांव, वाद्य, आणि कोणाजवळ शिकला.